घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील स्वयंचलित नियंत्रक : मापनाची विश्वासार्हता आणि बिघाडाचे नियोजन

प्रस्तावना

समुद्रातील सजीव घरातील काचेच्या टाकीत जगविण्याचा छंद अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, जपान आदी देशांत चांगलाच रुजला आहे. सुरुवातीच्या काळात अशा टाक्यांमधून केवळ मासे ठेवले जात. जिवंत प्रवाळ काही आठवड्यांतच मरून जात आणि त्यांचे पांढरे सांगाडे तेवढे शोभेसाठी उरत. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले सजीवयुक्त खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर प्रवाळ जगविता येतात, असे एका अमेरिकन मासिकातून मांडले. पुढे बर्लिनमधील हौशी मत्स्यपालकांनी त्याच खडकांना प्रोटीन स्किमरची आणि तीव्र प्रकाशाची जोड दिली व घरगुती प्रवाळ-मत्स्यालय ही गोष्ट साध्य झाली. आज अशा टाक्यांमध्ये प्रवाळ केवळ तग धरीत नाहीत. त्यांची वाढ होते, त्यांचे तुकडे करून देवाणघेवाण केली जाते.

या यशामागे पाण्याच्या गुणधर्मांचे काटेकोर नियमन आहे. ते नियमन हाताने करणे शक्य असले तरी अहोरात्र करणे शक्य नाही. म्हणूनच सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे स्वयंचलित नियंत्रक या क्षेत्रात आले. अमेरिकेतील नेपच्यून सिस्टिम्सचे 'एपेक्स', जर्मनीतील जीएचएलचे 'प्रोफिलक्स' ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे होत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी 'रीफ-पाय' ही मुक्तस्रोत प्रणालीही उपलब्ध असल्याने इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणाऱ्यांना असा नियंत्रक घरी बांधता येतो.

नियंत्रक बसविला म्हणजे मत्स्यालय सुरक्षित झाले, अशी समजूत मात्र सर्रास आढळते. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नियंत्रकाला पाणी दिसत नाही, त्याला केवळ सेन्सरने पाठविलेला विद्युत संकेत दिसतो. तो संकेत खोटा असेल तर नियंत्रक अत्यंत आज्ञाधारकपणे टाकीतील जीवांचा नाश करू शकतो. तेव्हा नियंत्रकाचा खरा कस त्याच्या सुविधांच्या संख्येवर ठरत नसून, त्याचा एखादा भाग निकामी झाल्यावर काय घडते यावर ठरतो.

बंदिस्त पाण्यातील प्रवाळ

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी हे सहजीवन मोडू लागते. शैवाले बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरे पडतात. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली, तेव्हा महासागरातील तापवाढीचे प्रमाण असेच एकेरी अंशांचे होते. ज्या फरकाची माणसाला जाणीवही होत नाही, तो प्रवाळाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो.

कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट वापरून कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. समुद्र अफाट असल्याने तेथे या घटकांची उणीव भासत नाही. घरातील २०० लिटरच्या टाकीत मात्र रोजच्या रोज हिशेब चुकता करावा लागतो. पाण्याची अल्कता जर्मन अंशांत मोजण्याची या छंदात प्रथा आहे. १ अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. दिवसाकाठी २०० लिटर पाण्यातील अल्कता १ अंशाने उतरत असेल, तर त्या टाकीतील प्रवाळ व इतर जीव रोज सुमारे साडेतीन ग्रॅम दगड तयार करीत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. दाट वाढलेल्या टाकीत ही घट दिवसाला १ ते २ अंशांची असू शकते. अल्कता साधारणतः ७ ते ११ अंशांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर ठेवावयाची असल्याने, भरपाई दोन-तीन दिवस थांबली तरी पाण्याचे रसायन बिघडू लागते.

याखेरीज तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता दर हजारी ३५ भाग, सामू ७.८ ते ८.५ आणि कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम या मर्यादा सर्वसाधारणपणे मान्य आहेत.

नियंत्रकाची रचना

नियंत्रकाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. मध्यवर्ती एककात सूक्ष्मप्रक्रियक व वापरकर्त्याने लिहिलेले नियम असतात. त्याला एका बाजूने तापमान, सामू, वाहकता, पाण्याची पातळी इत्यादींचे सेन्सर जोडलेले असतात. दुसऱ्या बाजूला विजेच्या सॉकेटांची पट्टी असून तिच्यातील प्रत्येक सॉकेट रिलेच्या साहाय्याने स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येते. हीटर, पंप, दिवे, स्किमर, मात्रा देणारे छोटे पंप ही सर्व उपकरणे या पट्टीवर येतात. ही उपकरणे व सेन्सर बहुधा मुख्य टाकीखालच्या पूरक टाकीत असतात. या टाकीला 'संप' म्हणतात. मुख्य टाकीतील पाणी ओसंडून संपमध्ये येते आणि परतीचा पंप ते पुन्हा वर चढवितो.

एक बाब येथेच नोंदविली पाहिजे. नियम मध्यवर्ती एककातच साठविलेले असावेत. इंटरनेट बंद पडल्यावर ज्याचे निर्णय थांबतात, अशा उपकरणाला नियंत्रक म्हणण्यापेक्षा दूरचे बटण म्हणणे अधिक योग्य होईल. इंटरनेटचे काम माहिती पाहण्यापुरते आणि सूचना पाठविण्यापुरते असावे.

तापमान : सर्वांत साधे मापन, सर्वांत मोठा धोका

तापमानाचे नियंत्रण वरवर पाहता अगदी सोपे वाटते. पाणी २५.६ अंशांखाली गेले तर हीटर चालू करावा, २६ अंशांवर गेले तर बंद करावा, मधल्या पट्ट्यात असेल तर आधीची अवस्था कायम ठेवावी. हा मधला पट्टा नसेल तर हीटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत राहतो आणि रिलेचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो. रिलेचे संपर्कबिंदू जोडले वा तुटले जाताना त्यांच्यात ठिणगी पडते. कालांतराने हे बिंदू एकमेकांना चिकटून बसू शकतात. असे झाले की नियंत्रकाच्या पडद्यावर 'बंद' दिसते, पण हीटर चालूच राहतो. यांत्रिक संपर्क नसलेले घनावस्था रिलेदेखील निकामी होताना बहुधा 'चालू' अवस्थेतच अडकतात. म्हणजे दोन्ही प्रकारांत बिघाडाचा कल धोक्याच्या बाजूस असतो.

या धोक्याचे गणित मांडता येते. २०० लिटर समुद्रजलाचे वस्तुमान सुमारे २०५ किलोग्रॅम भरते. ते १ अंशाने तापविण्यास सुमारे ८२० किलोज्यूल ऊर्जा लागते. ३०० वॅटचा हीटर तासाभरात १,०८० किलोज्यूल ऊर्जा देतो. उष्णतेची गळती क्षणभर बाजूस ठेवली, तर पाणी तासाला सुमारे १.३ अंशांनी तापेल. रात्री ११ वाजता २६ अंशांवर असलेले पाणी पहाटे ३ वाजता ३१ अंशांवर पोहोचेल. प्रत्यक्षात गळतीमुळे वेग थोडा कमी राहील, पण सकाळपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन जाईल. हीटर १०० वॅटचा असता तर हाच वेग तासाला ०.४४ अंश इतका राहिला असता. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर, तेही दोन वेगवेगळ्या सॉकेटांवर लावावेत, हा अनुभवी लोकांचा सल्ला या साध्या गणितावर आधारलेला आहे. एक चालू स्थितीत अडकला तरी टाकी उकडत नाही आणि एक बंद पडला तरी ती एकदम गारठत नाही.

हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. तो नियंत्रकाच्या मर्यादेहून किंचित वर, उदाहरणार्थ २६.५ अंशांवर ठेवला की दोन स्विच एकामागोमाग एक येतात. आता टाकी तापण्यासाठी दोन्ही एकाच वेळी चिकटावे लागतील. नियंत्रक आल्यावर हीटरचा थर्मोस्टॅट निरुपयोगी ठरतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

आता सेन्सरच्या बाजूने विचार करू. अनेक नियंत्रकांत थर्मिस्टर वापरतात. पाणी थंड होईल तसा त्याचा रोध वाढतो. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि नियंत्रकाला पाणी कडाक्याचे थंड झाल्याचा भास होतो. नियमाप्रमाणे तो हीटर चालू करतो. तार शाबूत असूनही सेन्सर संपमधून बाहेर पडून जमिनीवर पडला, तर तो खोलीचे तापमान दाखवू लागतो. युरोपातील हिवाळ्यात खोली २० अंशांवर असेल तर हीटर कधीच बंद होणार नाही, कारण जमिनीवरील सेन्सर पाण्याच्या उष्णतेने तापणारच नाही. घरी बांधलेल्या यंत्रणांत आढळणारा डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर निराळ्या तऱ्हेने फसवितो. वीजपुरवठ्यात क्षणिक व्यत्यय आल्यास तो ८५ अंश सेल्सिअस हा आपला आरंभिक आकडा पाठवितो. उष्णकटिबंधातील सागरी टाकीत ८५ अंश किंवा १० अंश हे आकडे संभवतच नाहीत. तेव्हा 'तापमान २० अंशांहून कमी दिसल्यास हीटर बंद ठेवून सूचना द्यावी' असा एक उलटा वाटणारा नियम लिहावा लागतो. पाणी खरोखरच इतके थंड होण्यापेक्षा सेन्सर बिघडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, हे त्यामागील तर्कशास्त्र आहे. मात्र जमिनीवर पडलेला सेन्सर २० किंवा २१ अंश दाखवीत असेल, तर हा नियम त्याला पकडू शकणार नाही. त्यासाठी दुसरा स्वतंत्र सेन्सर ठेवून दोहोंतील फरक १ अंशाहून वाढताच सूचना मागणे, हा अधिक खात्रीचा मार्ग होय.

पातळी आणि क्षारता

उघड्या टाकीतून पाण्याची वाफ होते, पण मीठ मागे राहते. २०० लिटरमधून दिवसाला ४ लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून ३५.७ वर जाते. पाच दिवस भर न घातल्यास ती ३९ च्या घरात पोहोचते. या कारणास्तव संपमधील पातळी उतरताच आर.ओ.चे गोडे पाणी आपोआप भरणारी यंत्रणा लावतात. पातळी ओळखण्यासाठी तरंगता स्विच किंवा प्रकाशीय सेन्सर असतो.

तरंगत्या स्विचवर गोगलगाय चढून बसणे हा या छंदातील अगदी नेहमीचा अपघात आहे. मिठाची पुटे चढूनही स्विच अडकतो. पातळी कमीच असल्याचा संकेत मिळत राहिल्याने भरणीचा पंप थांबत नाही. भरणीच्या टाकीत ४० लिटर पाणी असेल व ते सर्व संपमध्ये उतरले, तर क्षारता ३५ वरून सुमारे २९ पर्यंत घसरते. जमिनीवर सांडेल ते वेगळेच. तीच टाकी १० लिटरची असेल तर क्षारता ३३.३ वर थांबते. हा धक्का बहुतेक जीव सोसू शकतात. भरणीची टाकी मोठी म्हणजे सुट्टीवर जाण्याची सोय, असा विचार करून मोठी टाकी घेतली जाते. पण ती सोय सुरक्षिततेची किंमत मोजून मिळालेली असते. येथे सर्वांत उत्तम संरक्षण कोणत्याही सेन्सरचे नसून टाकीच्या आकारमानाचे आहे.

त्याखालोखाल उपयोगी पडते ती वेळेची मर्यादा. रोजचे ४ लिटर भरण्यास पंपाला २ मिनिटे लागत असतील, तर तो सलग ५ मिनिटांहून अधिक चालू नये, असा नियम नियंत्रकात लिहिता येतो. वरच्या पातळीवर दुसरा स्विच बसवून पहिला अडकल्यास पुरवठा तोडण्याची व्यवस्थाही करतात. क्षारता मोजण्याचे काम वाहकतेच्या सेन्सरकडे असते. २५ अंश सेल्सिअसला ३५ क्षारतेच्या पाण्याची वाहकता दर सेंटिमीटरला सुमारे ५३ मिलिसीमेन्स असते. ही वाहकता तापमानाच्या दर अंशाला जवळजवळ २ टक्क्यांनी बदलत असल्याने तापमानाची भरपाई चुकल्यास क्षारतेचा आकडाही चुकतो. सेन्सरवर चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडादेखील क्षारता अचानक घटल्याचा आभास निर्माण करतो. म्हणून या आकड्यावर विसंबून मीठ वा पाणी आपोआप घालण्याचा नियम लिहू नये. तो नोंदीसाठी व सूचनेसाठी ठेवावा, हेच श्रेयस्कर.

सामू : आकड्याचा अर्थ कसा लावावा

सामूचे मापन काचेच्या इलेक्ट्रोडने होते. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या प्रत्येक एककामागे या इलेक्ट्रोडचा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो, आणि सामू ७ असताना तो शून्याच्या जवळ असतो. काचेच्या पापुद्र्याचा विद्युतरोध प्रचंड असल्यामुळे हा संकेत नाजूक असतो. पंपाच्या वायरींशेजारून इलेक्ट्रोडची वायर नेल्यास आकडा उगाचच उड्या मारू लागतो.

इलेक्ट्रोड जुना होतो तशी त्याची संवेदनशीलता मंदावते. ती मूळच्या ९० टक्क्यांवर आली असे समजू. पाण्याचा खरा सामू ८.२ आहे, म्हणजे ७ पासून १.२ एकक दूर. इलेक्ट्रोड त्यातील १.०८ एककच दाखवील आणि पडद्यावर ८.०८ हा आकडा येईल. मालकाला वाटेल की पाणी आम्लतेकडे झुकत चालले आहे. वस्तुतः पाणी जिथल्या तिथे असून म्हातारा झाला आहे तो इलेक्ट्रोड. ७ आणि १० सामू असलेल्या बफर द्रावणांत नियमितपणे अंशशोधन करणे आणि वर्ष-दोन वर्षांत इलेक्ट्रोड बदलणे, हाच त्यावरील उपाय आहे. हे काम कंटाळवाणे असल्याने ते टाळले जाते आणि महागड्या नियंत्रकाची मापने हळूहळू निरर्थक होत जातात.

इलेक्ट्रोड ठीक असला तरी एकच आकडा पाहून निष्कर्ष काढणे बरोबर नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरला जातो व सामू चढतो. रात्री श्वसनामुळे तो उतरतो आणि दिवे लागण्यापूर्वी नीचांकी असतो. ०.२ ते ०.३ एककांचा हा चढउतार स्वाभाविक होय. नियंत्रकाचे खरे सामर्थ्य येथे दिसते. हाताने दिवसातून एकदा चाचणी करणाऱ्याला एकच बिंदू मिळतो. नियंत्रकाला पूर्ण आलेख मिळतो. आलेखाचा आकार कायम ठेवून सगळी रेषाच खाली सरकली, तर बऱ्याचदा कारण पाण्याबाहेर असते. थंडीच्या दिवसांत खिडक्या बंद असताना खोलीत चारपाच माणसे जमली की हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो व सामू घसरतो. खिडकी उघडणे किंवा स्किमरची हवेची नळी घराबाहेर नेणे एवढाच उपाय त्यासाठी पुरतो. बाटलीतील रसायन ओतून सामू चढविण्याचा प्रयत्न केल्यास अल्कता मात्र नको तितकी वाढून बसते.

सामूच्या आकड्यावरून आपोआप रसायन देण्याची पद्धत विशेष जपून वापरावी लागते. चुन्याची संपृक्त निवळी कॅल्शियम व अल्कता दोन्ही पुरविते. परंतु तिचा सामू १२.४ च्या आसपास असतो. सामू कमी दाखविणारा जुना इलेक्ट्रोड आणि 'सामू ८.४ होईपर्यंत निवळी सोडत राहा' असा नियम एकत्र आले, तर काय होईल हे सांगावयास नको. मात्रा घड्याळाप्रमाणे ठरलेली असावी आणि सामूचा उपयोग केवळ ती थांबविण्यासाठी करावा. सेन्सरला थांबविण्याचा अधिकार द्यावा, सुरू ठेवण्याचा देऊ नये.

ऑक्सिडीकरण-क्षपण विभव हा आणखी एक आकडा अनेक नियंत्रक दाखवितात. ओझोन वापरणाऱ्यांसाठी तो आवश्यक आहे. इतरांच्या बाबतीत तो पडदा सजविण्यापलीकडे फारसे काही करीत नाही.

अल्कतेचे स्वयंचलित अनुमापन

सांगाड्याच्या वाढीशी सर्वांत निकटचा संबंध असलेली अल्कता इलेक्ट्रोड बुडवून थेट मोजता येत नाही. त्यासाठी अनुमापन करावे लागते. दीर्घकाळ हे काम परीक्षासंचातील थेंब मोजून हातानेच होत असे. २०१९ मध्ये बाजारात आलेले 'ट्रायडेंट' हे उपकरण दिवसातून चार वेळा अल्कता आणि दोन वेळा कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतः मोजते. जीएचएलचे 'केएच डायरेक्टर' हेही याच वर्गातील. मोजलेल्या अल्कतेनुसार मात्रा कमी-अधिक करण्याची सोयही अशा उपकरणांत आहे. परंतु अभिकारक द्रव संपत आला, नळीत हवा शिरली किंवा नवी बाटली लावल्यावर अंशशोधन राहून गेले, तर हेही उपकरण आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देते. त्यामुळे मात्रेत होणारा फेरबदल दिवसाला काही टक्क्यांच्या आत बांधून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा हाताने पडताळा घेणे इष्ट ठरते.

संपर्क तुटल्यावर

मध्यवर्ती एकक आणि सॉकेटांची पट्टी यांच्यातील संपर्क तुटला तर प्रत्येक सॉकेटने कोणती अवस्था घ्यावी, हे आधीच ठरवून ठेवण्याची सोय चांगल्या नियंत्रकांत असते. कारखान्यातून येताना ही अवस्था सरसकट एकच दिलेली असते आणि अनेक जण ती तशीच ठेवतात. प्रत्यक्षात हा निर्णय उपकरणागणिक निराळा असावा. परतीचा पंप चालूच राहिला पाहिजे, कारण प्रवाह थांबला की पाण्यातील प्राणवायू काही तासांत घटतो. मात्रा देणारे पंप आणि गोड्या पाण्याची भरणी बंद झाली पाहिजे. हीटरला स्वतःचा विश्वासार्ह थर्मोस्टॅट असेल तर तो चालू ठेवावा, नसेल तर बंद. दिव्यांची फारशी चिंता नाही; प्रवाळ दोन दिवस ढगाळ हवामान सहज सोसतात.

वीज गेल्यावर तर नियंत्रकच मरतो, आणि मेलेला नियंत्रक सूचना पाठवू शकत नाही. यासाठी उलट व्यवस्था करावी लागते. नियंत्रकाने ठरावीक अंतराने दूरच्या सर्व्हरला 'मी जिवंत आहे' असा संकेत पाठवायचा आणि तो संकेत थांबताच सर्व्हरने मालकाला कळवायचे. नियंत्रक व प्रवाह निर्माण करणारा एक लहान पंप यूपीएसवर किंवा बॅटरीवर ठेवल्यास पुढचे काही तास निभावतात. खाऱ्या पाण्याजवळ वीज खेळवायची असल्याने ईएलसीबी अनिवार्य मानावा.

सूचनांच्या बाबतीत संयम हवा. सामू ०.०५ ने हलला तरी फोन वाजू लागला, तर आठवड्याभरात मालक तो आवाज ऐकेनासा होतो आणि हीटर अडकल्याची सूचना त्याच गोंगाटात हरवते. तापमान, जमिनीवरील पाणी आणि तुटलेला संपर्क या तिहींसाठी रात्री झोपमोड करणारी सूचना असावी. उरलेले सकाळी पाहता येते.

नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू, परजीवी कृमी, दोन प्रवाळांमधील जागेचे भांडण यांपैकी कशाचाही पत्ता सर्वसाधारण घरगुती नियंत्रकाला लागत नाही. आखडलेले पॉलिप, फिकट पडलेली टोके, कोपऱ्यात जाऊन बसलेला मासा ही लक्षणे डोळ्यांनीच पाहावी लागतात. पडद्यावरील सर्व आकडे हिरवे असतानाही टाकी आजारी असू शकते.

छंदाच्या पलीकडे

या नियंत्रणतंत्राचा सर्वांत लक्षणीय उपयोग लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात झाला. समुद्रातील बहुसंख्य प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री, ठरावीक चांद्रतिथीच्या आसपास, सूर्यास्तानंतर ठरावीक वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात. टाकीतील प्रवाळांना ऋतूही नसतो आणि चंद्रही नसतो. जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगापूर व ग्रेट बॅरिअर रीफ येथील वर्षभराचे तापमान, दिवसाची लांबी, सूर्यप्रकाशाची तीव्रता व चंद्रकला सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने बंदिस्त टाक्यांत हुबेहूब उतरविल्या. वर्षभराहून अधिक काळ या कृत्रिम ऋतुचक्रात ठेवलेल्या ॲक्रोपोरा वंशाच्या चार जातींनी आपले प्रजननचक्र पूर्ण केले. सिंगापूरच्या टाकीतील ॲक्रोपोरा हायसिंथसच्या बीजधारी वसाहतींनी समुद्रातील अंदाजित चांद्रमासातच बीजे सोडली. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये याच सहकार्यातून फ्लोरिडा मत्स्यालयात, अटलांटिकमधून नाहीशा होत चाललेल्या स्तंभप्रवाळाचे प्रजनन प्रयोगशाळेत घडवून आणण्यात आले. हीटरचे तापमान अर्ध्या अंशात राखणारा नियम आणि वर्षभराचा ऋतू घडविणारा नियम यांत तत्त्वतः फरक नाही. मात्र दुसऱ्या बाबतीत दहाव्या महिन्यात झालेला एका रात्रीचा बिघाड संपूर्ण वर्ष वाया घालवू शकतो. त्यामुळे वर चर्चिलेली दुहेरी सुरक्षितता तेथे अधिकच मोलाची ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाला कायद्याची चौकट आहे. भारतीय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि सागरी पंखे यांचा समावेश झाला. त्यामुळे मालवणच्या समुद्रातून, किंवा देशाच्या अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून, हे जीव उचलून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. माशांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना मात्र तापमान, क्षारता व पातळी यांविषयीचे वरील सर्व विवेचन जसेच्या तसे लागू पडते. फरक इतकाच की मुंबईच्या उन्हाळ्यात प्रश्न हीटरपेक्षा पाणी थंड करणाऱ्या चिलरचा असतो. वीज परत आल्यावर चिलरचा कॉम्प्रेसर लगेच सुरू न होता चारपाच मिनिटांनी सुरू होईल, असा विलंबाचा नियम नियंत्रकात आवर्जून लिहावा लागतो.